डॉर्टमुंडची पिवळी भिंत: अख्खं घर घेऊन बघण्यासारखी मॅच

परदेशात जाऊन फुटबॉलची एकच मॅच बघायची असेल आणि सोबत मुलं आणि घरातलं वडीलधारं माणूस असेल, तर मी डॉर्टमुंडचं नाव सांगेन. बार्सिलोना नाही, मँचेस्टर नाही. जर्मनीच्या पश्चिमेला कोळसा आणि पोलादावर वाढलेलं हे शहर आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या युरोप सहलीत सहसा दिसत नाही. तिथे आम्ही घरचे पाच जण, म्हणजे मी, नवरा, तेव्हा चौदा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि माझे सासरे, 5 नोव्हेंबर 2022 ला बोरुसिया डॉर्टमुंड विरुद्ध बोखुम ही मॅच बघून आलो. आता 2026 च्या वर्ल्ड कपमुळे आमच्या पेठेत जो तो अमेरिकेचा हिशोब मांडतोय आणि "वहिनी, तुम्ही कसं केलं होतं?" म्हणून विचारतोय. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही कोल्हापूरचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही पेठांतल्या तालीम-मंडळांच्या संघांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. वर्ल्ड कप आला की गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्याच गावचा. माझे सासरे, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, तरुणपणी पेठेच्या संघाचे गोलकीपर होते. गुडघा गेला आणि खेळ सुटला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मॅच बघणं मात्र कधी सुटलं नाही. आबांना एकदा तरी युरोपातली मॅच प्रत्यक्ष दाखवायची, हे नवऱ्याच्या मनात कित्येक वर्षं होतं.

डॉर्टमुंड का निवडलं, तर माझा मामेभाऊ ड्यूसेलडॉर्फला नोकरीला आहे आणि तो त्या क्लबचा सभासद आहे. तिकिटांच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. इथे घरच्या जवळपास प्रत्येक मॅचला स्टेडियम भरतं आणि पन्नास हजारांहून जास्त तिकिटं मोसमाच्या पासवाल्यांकडे असतात. उरलेल्या तिकिटांवर पहिला हक्क सभासदांचा. सभासद कोणालाही होता येतं, भारतात बसूनसुद्धा. वर्षाची फी भरायची आणि विक्रीच्या दिवशी वेळेवर संगणकासमोर बसायचं. आमच्या भावानं आणि त्याच्या एका मित्रानं मिळून सहा तिकिटं काढली, आमची पाच आणि एक भावाचं. चार एका रांगेत, दोन थोडी वरच्या बाजूला. माणशी साधारण पन्नास युरो पडले. त्याआधी एका पुनर्विक्रीच्या वेबसाइटवर हीच तिकिटं चौपट भावात दिसत होती, आणि पैसे भरल्यावर जागा कुठल्या स्टँडमध्ये मिळणार हेसुद्धा ते सांगत नव्हते. अशा ठिकाणी एक रुपयाही घालू नका. क्लबच्या स्वतःच्या साइटवर पासवाले आपली न वापरलेली तिकिटं परत विकायला ठेवतात, मॅचच्या आदल्या आठवड्यात तिथे रोज डोकावत राहा.

दुसरी अडचण तारखेची. जर्मन लीगचं वेळापत्रक उन्हाळ्यात येतं, पण त्यात फक्त कुठल्या शनिवार-रविवारच्या आसपास मॅच आहे एवढंच कळतं. शुक्रवारी रात्री, शनिवारी दुपारी की रविवारी, हे काही आठवडे आधी ठरतं. विमानाची तिकिटं आणि व्हिसा तर त्याच्या आधी करावा लागतो. म्हणून गुरुवारी पोहोचायचं आणि सोमवारनंतर निघायचं असा बेत ठेवा. आम्ही दिवाळीची सुट्टी धरून तसंच केलं. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी तेव्हा मोठ्या माणसाला 80 युरो होती, 2024 च्या जूनपासून 90 झाली आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी. मुलगी निम्म्यात बसली, मुलाला पूर्ण भरावी लागली. किमान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो, आणि वडीलधाऱ्यांचा विमा काढताना आधीच्या दुखण्यांचं कलम नीट वाचून घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळतच नाहीत, तेव्हा लवकर हात घाला.

मुंबईहून थेट विमानानं फ्रँकफर्ट आणि तिथून रेल्वेनं डॉर्टमुंड. वाटेत ऱ्हाइन नदी लागते. त्या वर्षी जर्मनीत रेल्वेत मास्क अजून सक्तीचा होता, त्यामुळे आबा वैतागले होते, पण खिडकीशी बसल्यावर एकही शब्द बोलले नाहीत.

मॅचच्या आदल्या दिवशी स्टेशनच्या अगदी समोर असलेलं जर्मन फुटबॉल म्युझियम बघितलं. 2015 मध्ये उघडलेली ही इमारत कोणीही चुकवू नये. 1954 च्या वर्ल्ड कप फायनलचा चेंडू तिथे आहे. त्या फायनलमध्ये दोन गोलनं मागे पडलेल्या पश्चिम जर्मनीनं हंगेरीला 3-2 हरवलं होतं. चामड्याचा, शिवणीचा, तपकिरी पडलेला चेंडू. आबा काचेला नाक लावून उभे राहिले आणि नातवाला सांगू लागले की असलाच चेंडू ओला झाला की दगडाएवढा जड व्हायचा, अंगावर घेतला की छातीवर वळ उठायचा. मुलगा इतर वेळी आजोबांच्या गोष्टी अर्धवट ऐकतो. तिथे मात्र त्यानं प्रश्न विचारले. म्युझियमला निवांत अर्धा दिवस द्या.

तिथून ट्रामनं बोर्झिगप्लात्झला गेलो. ही जागा पर्यटनाच्या नकाशावर मोठी नाही. साधा गोल चौक, मधे झाडं, भोवती जुन्या कामगार वस्तीच्या इमारती. 1909 च्या डिसेंबरात याच चौकाजवळच्या एका खानावळीत काही तरुणांनी बोरुसिया क्लब काढला. चर्चच्या युवक मंडळातली पोरं होती ती, आणि त्यांचं फुटबॉल खेळणं तिथल्या पाद्र्याला अजिबात पसंत नव्हतं. पलीकडे पोलादाचा कारखाना होता, प्रेक्षक तिथलेच कामगार. अजूनही क्लबनं विजेतेपद मिळवलं की मिरवणूक याच चौकाला वळसा घालते. एका चौकातल्या पोरांनी काढलेला संघ शंभर वर्षांनी युरोपातला मोठा क्लब होतो आणि तरी आपला चौक विसरत नाही, हे पेठेतल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आबांनी तिथे बाकावर बसून फोटो काढून घेतला. आमच्या घरात या सगळ्या सहलीतला तेवढाच फोटो फ्रेम केला आहे.

त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती आणि आबा माळकरी. केळी, उकडलेले बटाटे आणि घरून नेलेले शेंगदाण्याचे लाडू यावर त्यांचं भागलं. माळकरी किंवा शाकाहारी माणूस सोबत असेल तर काळजी करू नका, स्टेडियममध्येही चालतं. खारा वेटोळ्याचा पाव, म्हणजे ब्रेझेल, आणि गरम बटाट्याचे तळलेले काप मिळतात. बाकीच्यांसाठी कोळशावर भाजलेलं सॉसेज, कडक पावात, वर मोहरीची चटणी. मोहरी झणझणीत म्हणावी अशी नाही, पण त्या थंडीत बरी लागते. माझ्या नवऱ्यानं तीन खाल्ली.

आता स्टेडियमबद्दल. 1974 च्या वर्ल्ड कपसाठी बांधलेलं हे मैदान, जुनं नाव वेस्टफालेनश्टाडिओन, 2005 पासून प्रायोजकाच्या नावानं सिग्नल इडुना पार्क. लीगच्या मॅचला 81,365 माणसं मावतात. त्यातली 24,454 एकट्या दक्षिण बाजूच्या स्टँडमध्ये, आणि ती सगळी उभी. खुर्च्या नाहीतच. हीच ती पिवळी भिंत. युरोपातला उभ्या प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा स्टँड. त्या मोसमात तिथलं तिकीट वीस युरोच्या आत होतं. कामगाराला, विद्यार्थ्याला परवडावं म्हणून क्लबनं ते तसं ठेवलं आहे, आणि मला या क्लबचा सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो. इंग्लंडमध्ये वरच्या लीगनं सगळीकडे खुर्च्या बसवल्या आणि तिकिटं महाग झाली. जर्मनीत उभं राहून बघण्याची सोय टिकली, कारण तिथल्या क्लबांमध्ये बहुमताचा हक्क सभासदांकडेच राहील असा नियम आहे आणि सभासदांना तो स्टँड हवा होता.

पण कुटुंबानं त्या भिंतीत तिकीट शोधू नये. एक तर मिळत नाही, आणि मिळालं तरी लहान मुलीला घेऊन दीड-दोन तास तिथे उभं राहणं जमायचं नाही. आम्ही बरोबर समोर, उत्तर स्टँडमध्ये बसलो होतो आणि माझं ठाम मत आहे की तीच उत्तम जागा. भिंतीत उभं राहिलेल्याला भिंत दिसत नाही. ती आम्हाला दिसली.

मॅच साडेतीनला होती. आम्ही दोन वाजता आत होतो. मॅचच्या तिकिटावरच त्या दिवशीचा डॉर्टमुंडच्या आसपासच्या सगळ्या ऱ्हाइन-ऱ्हूर भागातला लोकल रेल्वे, मेट्रो आणि बसचा प्रवास मोफत असतो, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडून. त्यामुळे ड्यूसेलडॉर्फ किंवा एसेनला उतरलात तरी चालेल. मॅचच्या दिवसांत डॉर्टमुंडच्या हॉटेलांचे भाव वाढलेले असतात. आम्ही स्टेशनजवळच्या एका हॉटेलात राहिलो. कुटुंबाची मोठी खोली म्हणून बुक केली होती, प्रत्यक्षात वेगवेगळ्या मजल्यांवर दोन खोल्या हातात दिल्या. आबांना एकटं दुसऱ्या मजल्यावर ठेवणं शक्य नव्हतं, मग मुलाला त्यांच्याबरोबर पाठवलं. पुन्हा गेलो तर ड्यूसेलडॉर्फलाच उतरू.

स्टेशनपासून मेट्रोनं स्टेडियम काही मिनिटांवर. डब्यात काळे-पिवळे मफलर खच्चून भरलेले, आणि मधेच बोखुमचे निळे. बोखुम शेजारचंच शहर, वीसेक किलोमीटरवर. आमच्या मुलीच्या गळ्यात नवीन पिवळा मफलर बघून निळ्या मफलरच्या एका आजीबाईंनी तिला गोळी दिली आणि बसायला जागा केली. एवढ्या बायका, एवढ्या आज्या, एवढ्या लेकी मॅचला निघालेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडे स्टेडियममध्ये बायका मोजक्याच. मी लग्न होऊन पेठेत आले तेव्हापासून मॅचची रणधुमाळी घरातूनच ऐकत आले आहे, निकाल फटाक्यांवरून कळतो. माझी मुलगी शाळेच्या संघात खेळते. तिनं हे बघावं असं मला फार वाटत होतं, आणि तिनं बघितलं.

दारावर तपासणी चोख असते. ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा मोठी पर्स, पाठीवरची सॅक हॉटेलात किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. पाण्याची बाटली बाहेरच राहते. पिण्यासाठी आत जे ग्लास मिळतात त्यांचे थोडे पैसे अनामत घेतात, ग्लास परत केला की परत देतात. मुलांनी ते काम आवडीनं केलं.

स्टँड चढाला फार खडे आहेत. गुडघेदुखी असेल तर तिकीट काढताना खालच्या रांगा मागा. आबा रेलिंग धरून सावकाश चढले, मागची रांग न कुरकुरता थांबली. व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळ्या जागा आहेत, त्यासाठी क्लबला आधी कळवावं लागतं. मैदानाभोवती धावपट्टी नाही, त्यामुळे खेळाडू अगदी जवळ दिसतात. बॉलला पाय लागल्याचा आवाज येतो. थंडी मात्र चांगलीच असते, नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो. थर्मल, कानटोपी, जाड मोजे याला पर्याय नाही. आसपास बिअर आणि सिगरेट दोन्ही असतात, हेही सांगून ठेवते. मुलगी खोकायला लागल्यावर पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे बघितलं आणि सिगरेट विझवली, पुन्हा पेटवली नाही.

मॅच सुरू व्हायच्या आधी लिव्हरपूलच्या मैदानाची ओळख असलेलं "यू विल नेव्हर वॉक अलोन" हे गाणं इथेही म्हणतात. पंचवीस हजार माणसांनी एकदम मफलर डोक्यावर आडवे धरले आणि उसाच्या फडातून वारं जावं तशी पिवळी लाट खालून वर गेली. आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांना शब्द कळत नव्हते. टोपी काढून हातात धरली होती.

आठव्या मिनिटाला पहिला गोल. युसुफा मुकोको, वय वर्षं सतरा. गोल झाला की इथला निवेदक खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतो आणि आडनाव सगळं स्टेडियम ओरडतं. "युसुफा!" आणि ऐंशी हजारांचा "मुकोको!" असं तीन वेळा. मग स्कोअर. घरच्या संघाचे गोल लोक सांगतात, आणि पाहुण्यांचा आकडा काही असो, लोक शून्यच ओरडतात. आमच्या पोरांना हे दुसऱ्याच गोलला पाठ झालं होतं. तो रेनानं पेनल्टीवर मारला.

निवेदकाबद्दल भावानं आबांना सांगितलं ते इथे सांगायलाच हवं. त्याचं नाव नॉर्बर्ट डिकेल. 1989 च्या जर्मन कप फायनलला तो गुडघ्याच्या ऑपरेशनमधून नुकताच उठलेला होता. तरी खेळला, वेर्डर ब्रेमेनविरुद्ध दोन गोल केले, डॉर्टमुंड 4-1 जिंकलं. त्यानंतर त्याच गुडघ्यानं त्याचा खेळ थांबवला. क्लबनं त्याला स्टेडियमचा आवाज केलं. आबांनी हे ऐकून घेतलं, स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्येला म्हणायचं तालीम. खेळ सुटला तरी माणूस सोडला न्हाई."

तिसरा गोल पहिल्या अर्ध्याच्या अगदी शेवटी. पुन्हा मुकोको. गोलपासून खूप लांब, चाळीसेक मीटरवर चेंडू त्याच्या पायाशी आला, त्यानं मान वर केली आणि तो सरळ कीपरच्या डोक्यावरून उचलला. चेंडू हवेत असताना स्टेडियममध्ये आवाज नव्हता. मी चेंडूकडे बघत होते, आबा कीपरकडे. "आला पुढं, आला पुढं, गेला!" ते आधीच म्हणाले होते. चेंडू जाळीत पडला तेव्हा आमच्या पुढचा सिगरेटवाला मागे वळला आणि त्यानं आबांना मिठी मारली. "सतरा वर्साचं पोरगं हाय म्हणतोस?" आबा नातवाला विचारत होते. नातू काहीच बोलत नव्हता. त्याच महिन्यात, 20 नोव्हेंबरला, मुकोको अठरा वर्षांचा झाला, कतारचा वर्ल्ड कप सुरू झाला त्याच दिवशी. आणि जपानविरुद्ध मैदानात उतरून जर्मनीकडून वर्ल्ड कप खेळलेला सगळ्यात लहान खेळाडू ठरला. आमच्या मुलानं ती मॅच घरी टीव्हीवर बघितली, अंगात तोच पिवळा टी-शर्ट घालून.

दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला नाही, 3-0 वरच मॅच संपली. पण भिंत गप्प बसली नाही. आणि आमच्या बाजूच्या कोपऱ्यातले बोखुमवालेही शेवटपर्यंत गात होते. तीन गोलनं हरत असताना. शिट्टी झाल्यावर डॉर्टमुंडचे खेळाडू भिंतीसमोर जाऊन उभे राहिले आणि बोखुमचे खेळाडू आपल्या लोकांपुढे गेले. हे थांबून बघा, लगेच जिन्याकडे धावू नका. तसंही मेट्रोला तेव्हा उभं राहायला जागा नसते. आम्ही अर्धा तास जागेवर बसून राहिलो, मुलीनं एमा या मधमाशीच्या वेशातल्या क्लबच्या शुभंकराबरोबर फोटो काढला, मग बाहेर पडलो. चालायची ताकद असेल तर क्रॉयत्सफिर्टेल भागातून पायी शहरात जाता येतं, वाटेत खानावळी आहेत आणि सगळा जमाव मॅचच्या गप्पा मारत तिकडूनच जातो. आबांसाठी आम्ही मेट्रोच धरली.

अमेरिकेच्या वर्ल्ड कपचा बेत करणाऱ्यांना मी नाही म्हणणार नाही. पण वर्ल्ड कपच्या मॅचला माणसं जगभरातून त्या दिवसापुरती येतात. इथे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तीस वर्षं त्याच खुर्चीवर बसतोय, त्याचा बाप आधी तिथे बसायचा. त्याच्या शेजारी बसून बघण्यात जे आहे ते मला जास्त मोलाचं वाटतं. क्लबचं स्वतःचं छोटं म्युझियम स्टेडियममध्येच आहे, ते मॅचच्या दिवशी उरकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मफलर मात्र आदल्याच दिवशी शहरातल्या क्लबच्या दुकानातून घ्या. स्टेडियमजवळच्या दुकानात मॅचच्या आधी रांग फार मोठी असते, आणि तो वेळ आत जाऊन समोरची भिंत भरताना बघण्यात घालवलेला बरा.